मोरबाथच्या देवळाचा जमाखर्च व एक्सेटर धर्मप्रांतांतील इ. स. १५४९ चा उठाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील डेव्हन व कॉर्नवॉल हे दोन परगणे सोळाव्या शतकांत एक्सेटर येथील बिशपाच्या सत्तेखालीं असत. कॉर्नवॉलला ट्रुरो येथें निराळा बिशप मिळाला तो थेट १८७७ सालीं. या विस्तीर्ण धर्मप्रांताच्या उत्तर सीमेवर, एक्समूर नांवाच्या माळरानाच्या दक्षिणेस, मोरबाथ हें एक लहानसें खेडें आहे. आम्ही ज्या काळाविषयीं लिहीत आहों त्या काळीं तेथें अवघीं ३३ घरें होतीं. या गांवीं लढाई झाली नाहीं, राजाचा मुक्काम पडला नाहीं, कोणी नामांकित पुरुष जन्मला नाहीं. असें असूनहि इंग्लंडांतील धर्मक्रांतीचा इतिहास लिहिणारास आज मोरबाथ वगळून पुढें जातां येत नाहीं. त्याचें कारण एकच. या गांवच्या देवळाच्या जमाखर्चाची, इ. स. १५२० पासून १५७३ पर्यंतची, वही शिल्लक राहिली आहे.

वही दिसावयास मुळींच सुंदर नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकानें ती सहज उघडली तर रंगीत चित्रें अगर सोनेरी अक्षरें त्यांत न दिसल्यामुळें तो ती बहुधा लगेच मिटून ठेवील. पानांचा मूळचा क्रम बिघडलेला आहे. मजकूर पाहावा तर मेंढ्या, लोंकर, मेण, घंटेचे दोर, छपराची दुरुस्ती, कोणाकडून किती पेनी येणें आणि कोणास किती देणें. अशा प्रकारचे देवळांचे हिशेब इंग्लंडांत इतरत्रहि बरेच आहेत. परंतु ते बहुतेक कोरडे असून निरनिराळ्या लेखकांच्या हातचे आहेत. मोरबाथची वही आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ एकाच माणसानें लिहिलेली आहे, आणि तो माणूस लिहितांना बोलतो. हा तिचा विशेष होय.

त्याचें नांव सर ख्रिस्तोफर ट्रिकी. मुळांत हें आडनांव लिहितांना निराळ्या अक्षरांनीं लिहिलेलें आढळतें, पण उच्चार ट्रिकी असाच असल्याचें सांगतात. 'सर' ही येथें सरदारकीची पदवी नव्हे; विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूस त्या काळीं आदरानें तसें म्हणत. हा डेव्हनमधलाच, कल्मस्टॉक गांवचा. इ. स. १५२० त तो मोरबाथचा धर्मगुरु झाला व १५७४ त मरण पावेपर्यंत, म्हणजे सुमारें ५४ वर्षें, तेथेंच राहिला. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी व एलिझाबेथ अशा चार राजवटी त्यानें त्याच वेदीपाशीं उभें राहून पाहिल्या.

हिशेब लिहिण्याची रीत अशी होती. वर्ष पुरें झालें म्हणजे देवळाचा कारभारी सर्व गांवकऱ्यांसमोर जमा व खर्च सांगे. कारभाऱ्यांस लिहितां येत नसे, म्हणून लिहून काढणें व वाचून दाखविणें हीं दोन्हीं कामें ट्रिकीकडे. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं वहीत 'मीं' म्हणजे कारभारी आणि 'तुम्ही' म्हणजे समोर बसलेला गांव. मधूनच गुरूचा स्वतःचा स्वर निघतो: कोणी दान दिलें तर त्याची प्रशंसा, कोणी देणें चुकविलें तर टोमणा. रोजकीर्द वाचतां वाचतां एखाद्या सभेंत आपण मागच्या बांकावर बसलों आहों असें वाटावें, हा अनुभव आम्हांस दुसऱ्या कोणत्याहि जमाखर्चांत क्वचितच आला आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. प्रार्थनेचा इतिहास लिहावयाचा तर लोक प्रार्थनाग्रंथ, धर्मसभांचे ठराव, विद्वानांचे वाद इत्यादि साधनें घेतात. आमच्या मतें खेड्यांतील प्रार्थना कशी चालत होती हें समजण्यास देवळाची कीर्द अधिक उपयोगी आहे. कारण प्रार्थना म्हटली कीं दिवा आला, दिवा आला कीं मेण आलें, मेण आलें कीं पैसा आला, आणि मोरबाथसारख्या ठिकाणीं पैसा म्हणजे मेंढी.

मोरबाथच्या देवळांत निरनिराळ्या संतांच्या मूर्ति होत्या व प्रत्येकीपुढें मेणाचा नंदादीप जळे. त्या त्या दिव्याच्या खर्चासाठीं निराळें भांडार असे: एक सेंट जॉर्जचें, कारण देऊळ त्याच्या नांवाचें, एक मेरीचें, एक सेंट सिडवेलचें, एक सेंट ॲंथनीचें, आणि आणखीहि कांहीं. गांवांतील तरुणांचें एक भांडार व कुमारिकांचें एक. प्रत्येक भांडारास आपले कारभारी असत व हें काम घरोघर पाळीनें फिरे. विधवांवरहि पाळी येई व त्या ती पार पाडीत. सर्वांवर एक मुख्य कारभारी असे. देवळाच्या घरांत बीअर गाळून गांवोत्सव करावयाचा आणि तिच्या विक्रीचा पैसा देवळास जमा करावयाचा, हें त्याचें मोठें काम. आमच्या कांहीं वाचकांस देवाच्या नांवानें बीअर विकणें विचित्र वाटेल. परंतु त्या गांवच्या छपराला लागणारा पैसा बव्हंशीं याच वाटेनें आला आहे.

भांडाराचा मूळ ठेवा म्हणजे मेंढ्या. या मेंढ्यांचा एक कळप करीत नसत. एक या घरीं, दोन त्या घरीं, अशा त्या गांवकऱ्यांच्या कळपांत वांटून ठेवीत. लोंकर विकली कीं उत्पन्न त्या त्या संताच्या खातीं जमा. मेंढी मेली तर कातड्याची किंमत जमा. अशा रीतीनें ३३ घरांच्या गांवांत असें एखादेंच घर निघेल कीं ज्याच्या कुरणांत देवाचें कांहींना कांहीं चरत नव्हतें. दरसाल हिशेबाच्या दिवशीं कोणाकडे कोणत्या संताची मेंढी आहे हें मोठ्यानें वाचलें जाई. उपासना व कुणबावा यांची इतकी घट्ट वीण दाखविणारा कागद दुर्मिळच.

ट्रिकीची स्वतःची भक्ति सेंट सिडवेलवर. ही एक्सेटर शहराची संतीण. सावत्र आईच्या चिथावणीवरून शेतांत कापणी करणाऱ्यांनीं विळ्यांनीं तिचा शिरच्छेद केला अशी तिची कथा असून तिच्या नांवाचें देऊळ शहराच्या पूर्ववेशीबाहेर आहे. मोरबाथला येतांच ट्रिकीनें तिची मूर्ति आणविली व ती मढविण्यास स्वतः खर्च केला. थोड्याच वर्षांत लोक तिच्यापुढें दिवे लावूं लागले, तिला जपमाळा व आंगठ्या वाहूं लागले, मुलींचीं नांवें सिडवेल ठेवूं लागले. वाहिलेल्या चांदीची एक पादुका करून मूर्तीच्या पायीं घालण्यांत आली. नोव्हेंबर १५३४ मध्यें देवळांत चोरी झाली. ती पादुका व पूजेचा चांदीचा पेला गेला. तेव्हां गांवच्या तरुणांनीं व कुमारिकांनीं आपसांत वर्गणी करून नवा पेला घेतला आणि गांवावर एक पैचा बोजा पडूं दिला नाहीं. ट्रिकीनें ही गोष्ट अभिमानानें नोंदून ठेवली आहे. खर्चाची नोंद नसतांना ती वहींत येते, कारण ही वही केवळ पैशाची नव्हती; देणाराचें नांव गांवाच्या स्मरणांत राहावें हाहि तिचा हेतु होता.

स्मरण हा येथें केवळ उपचार नव्हता. मृतांचे आत्मे शुद्धिस्थानांत असतात व जिवंत माणसांच्या प्रार्थनेनें त्यांची सुटका लौकर होते, ही त्या लोकांची श्रद्धा. देवळास कोणी मेंढी दिली, मेणबत्ती दिली, वस्त्र दिलें तर त्याच्या बदल्यांत त्याचें नांव मृतांच्या यादींत वाचलें जावें एवढीच त्याची अपेक्षा असे. म्हणजे प्रार्थना ही जिवंतांमधील व मृतांमधील देवघेव होती आणि तिची खातेवही ट्रिकीजवळ होती. मृतांसाठीं करावयाच्या उपासनेंत घालण्यास मोरबाथला चांगलीं काळीं वस्त्रें नव्हतीं. इ. स. १५२८ च्या सुमारास ट्रिकीनें ठरविलें कीं देवळाच्या मेंढ्यांच्या लोंकरीचा जो दशमांश आपणास मिळतो तो आपण घ्यावयाचा नाहीं, या वस्त्रांसाठीं सांठवावयाचा. दरसाल कांहीं पेनी, कांहीं शिलिंग अशी ही रक्कम वाढत गेली. सुमारें वीस वर्षांनीं, १५४७ सालीं, वस्त्रें हातीं आलीं. त्याच वर्षीं इंग्लंडच्या सरकारनें मृतांसाठीं प्रार्थना करण्याच्या सर्व व्यवस्थेवर कुऱ्हाड घातली.

पहिला घाव मात्र पूर्वींच बसला होता. इ. स. १५३८ मध्यें आठव्या हेन्रीच्या वतीनें टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढून मूर्तींपुढें दिवे लावण्यास बंदी केली. मोरबाथनें हुकूम पाळला. दिवे विझले, आणि दिव्यांबरोबर भांडारेंहि गेलीं, कारण दिवा नाहीं तर मेंढी कशासाठीं ठेवावयाची? तरुण व कुमारिका यांना देवळाच्या कारभारांत जें स्थान होतें तेंहि संपलें. हुकुमांत भांडारांविषयीं कांहीं म्हटलें नव्हतें व तरुणांविषयीं तर मुळींच नाहीं. पण दिव्याच्या एका दोऱ्यांत गांवाचें किती कांहीं ओंवलेलें होतें हें लंडनमध्यें बसून हुकूम लिहिणारास कोठून कळावें!

जानेवारी १५४७ मध्यें हेन्री वारला व नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. राज्यकारभार त्याचा मामा ड्यूक ऑफ सॉमरसेट पाहूं लागला. मग हुकुमांची झोड उठली. मूर्ति काढून टाका. मिरवणुकी बंद करा. मृतांच्या नांवानें ठेवलेल्या जमिनी व निधि सरकारजमा करा. इरॅस्मसचें भाष्य विकत घेऊन देवळांत ठेवा. मोरबाथच्या वहींतील १५४७-४८ चीं पानें वाचतांना आम्हांस सर्वांत जाणवली ती प्रवासखर्चाची गर्दी. सरकारी अंमलदारांपुढें हजर होण्यास कारभारी पुनःपुन्हा गांव सोडून जात आहेत, मालमत्तेच्या याद्या लिहवून घेत आहेत, लेखकाची मजुरी देत आहेत, वाटेंतील जेवणखाण मांडीत आहेत. देऊळ राखण्यास पूर्वीं जो पैसा लागे तो आतां देऊळ मोडण्यास लागूं लागला. उत्पन्न तर आटलेंच. मेंढ्या विकल्या गेल्या. उत्सवाची बीअरहि बंद पडली.

इ. स. १५४८ त लूसी सीली नांवाची स्त्री मुख्य कारभारीण होती. तिच्या कारकीर्दींत देवळाच्या चीजवस्तु सरकारी परवान्यावांचून विकल्या गेल्या असें ट्रिकीनें पुढें लिहून ठेवलें आहे. या वाक्याचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. सरकार येऊन सर्व उचलून नेण्यापूर्वीं गांवानें आपल्या वस्तु आपणच हलविल्या, कांहीं बाहेर विकल्या, कांहीं घराघरांत दडविल्या. मेरीच्या काळांत त्यांतील अनेक परत आल्या, यावरून दडविण्याचा हेतु उघड आहे. तेव्हां मोरबाथ निमूटपणें हुकूम पाळीत होतें असें जें दीर्घकाळ समजलें गेलें तें वरवरचें आहे.

इ. स. १५४९ च्या जानेवारींत पार्लमेंटनें कायदा करून ठरविलें कीं सर्व राज्यांत एकच प्रार्थनाग्रंथ चालेल व तो इंग्रजींत असेल. मुख्यतः आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याच्या लेखणींतून उतरलेला हा ग्रंथ. त्याच वसंतांत मेंढ्यांवर डोईपट्टी बसली व गांवोगांव मेंढ्यांची मोजदाद करण्याचा हुकूम सुटला. ज्या मुलखांत मेंढी हीच देवाची ठेव व माणसाची भाकर, तेथें या दोन गोष्टी एकाच वेळीं याव्या हें सरकारचें दुर्दैव म्हणावें कीं शहाणपणाचा अभाव, हें वाचकांनींच ठरवावें.

नव्या ग्रंथाविषयीं दोन शब्द येथें लिहिणें अवश्य आहे. वाङ्मय म्हणून त्याची योग्यता फार मोठी आहे आणि पुढील शतकांतील इंग्रजी गद्यावर त्याचा ठसा उमटला आहे. अनेक फेरफार होऊन १६६२ त त्यास जें रूप आलें तेंच पुढें इंग्रजांबरोबर हिंदुस्थानांत आलें. १८३७ सालीं मुंबईस बिशपाची गादी स्थापन झाली तेव्हां तेथील उपासनाहि त्याच परंपरेची होती. ज्ञानदेव-एकनाथांच्या प्रांतांतील वाचकांस साहजिकच असें वाटेल कीं धर्म लोकभाषेंत आला ही आनंदाची गोष्ट. त्यासाठीं बंड कसलें? परंतु आमच्याकडे देशभाषा संतांच्या मुखांतून आली. डेव्हन-कॉर्नवॉलमध्यें ती शिक्षेच्या धाकासह राजाज्ञेनें आली. शिवाय पश्चिम कॉर्नवॉलमधील कित्येकांची भाषा इंग्रजी नव्हतीच; कॉर्निश ही निराळी भाषा होती व त्यांस इंग्रजी कळत नसे. बंडवाल्यांनीं हें गाऱ्हाणें आपल्या मागण्यांत घातलें. क्रॅन्मरनें उत्तर दिलें कीं कॉर्निश लोकांत लॅटिन जाणणारे इंग्रजी जाणणारांहून अधिक आहेत काय? वादांत हें उत्तर बिनतोड आहे. मात्र लॅटिन कळत नसूनहि आपलें वाटत होतें, इंग्रजी न कळतां परकें वाटलें, हा भेद त्यांत येत नाहीं.

नवा ग्रंथ ९ जून १५४९ रोजीं, पेंटेकॉस्टच्या रविवारीं, सर्वत्र सुरू व्हावयाचा होता. त्या दिवशीं डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टने या गांवीं धर्मगुरूनें हुकुमाप्रमाणें नवी उपासना केली. दुसऱ्या दिवशीं गांवकऱ्यांनीं त्यास गांठून जुनीं वस्त्रें घालावयास लावलीं व लॅटिन मिस्सा म्हणविली. समजूत घालण्यास आलेला विल्यम हेलियन्स नांवाचा गृहस्थ तेथेंच मारला गेला. इकडे कॉर्नवॉलचे लोक बॉडमिनपाशीं जमले. त्यांचा पुढारी हंफ्री अरंडेल. कॉर्नवॉलमध्यें ठिणगी आधींच पडलेली होती: १५४८ च्या ५ एप्रिलला हेल्स्टन येथें मूर्तिभंजक सरकारी अंमलदार विल्यम बॉडी यास जमावानें ठार केलें होतें. दोन्ही जमाव एक झाले, ख्रिस्ताच्या पंच जखमांचें निशाण त्यांनीं उभारलें आणि २ जुलैस एक्सेटर शहरास वेढा घातला.

त्यांच्या मागण्यांचा मसुदा शिल्लक आहे. लॅटिन मिस्सा पूर्ववत् चालावी. प्रसादाची भाकर व मंतरलेलें पाणी पुन्हा मिळावें. उपासनेच्या वेळीं मृतांसाठीं नांवें घेऊन प्रार्थना व्हावी. इंग्रजी बायबल परत घ्यावें. मठांच्या बळकावलेल्या जमिनींपैकीं निम्म्या तरी परत द्याव्या. नवी प्रार्थना त्यांस नाताळांतल्या खेळासारखी वाटते असेंहि त्यांनीं लिहिलें. राजसत्ता उलथण्याची भाषा तींत कोठें नाहीं.

वेढ्याची सर्वांत भरंवशाची हकीकत जॉन हूकर यानें लिहिली आहे. तो एक्सेटरचाच रहिवासी असून वेढ्याच्या वेळीं शहरांत होता. तो बंडवाल्यांचा शत्रु. म्हणूनच त्यानें त्यांच्याविषयीं जें बरें लिहिलें तें विशेष ग्राह्य धरलें पाहिजे. शहरावर तापलेले गोळे टाकून तें जाळण्याची तयारी एका गोलंदाजानें दाखविली असतां, सेंट टॉमसच्या देवळाचा धर्मगुरु व बंडाचा एक पुढारी रॉबर्ट वेल्श यानें ती गोष्ट होऊं दिली नाहीं, असें हूकरच सांगतो. शहरांतहि जुन्या धर्माचे पक्षपाती पुष्कळ होते. उपासमार सोसूनहि नगरपालांनीं वेशी उघडल्या नाहींत त्या राजनिष्ठेमुळें, नव्या प्रार्थनेच्या प्रेमामुळें नव्हे.

बंडवाल्यांची एक छावणी शहराबाहेर सेंट डेव्हिडच्या टेकाडावर होती. आतां मोरबाथच्या वहीकडे परत यावें. त्या सालच्या हिशेबांत पांच तरुणांचीं नांवें येतात: विल्यम हर्ली, थॉमस बॉरेज, जॉन टाइमवेल, ख्रिस्तोफर मॉर्स व रॉबर्ट झेर. हे छावणीस जावयास निघाले तेव्हां गांवानें त्यांस हत्यारें व वाटखर्चास पैसे दिले. त्या रकमा ट्रिकीनें नेहमींच्याच अक्षरांत, नेहमींच्याच रांगेंत मांडल्या आहेत. छावणीचें ठिकाण म्हणून त्यानें लिहिलें आहे तें सेंट डेव्हिडचें टेकाड.

ही ओळ चारशें वर्षें वहींत पडून होती. १९०४ सालीं मोरबाथचेच धर्मगुरु अर्स्किन बिनी यांनीं हा जमाखर्च छापला. त्यांचे श्रम मोठे व त्यांचे उपकारहि मोठे. परंतु त्या छापील प्रतींत या स्थळाचें नांव निराळें वाचलें गेल्यामुळें छावणी कोणती हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मूळ कागद पुन्हा पाहणारांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस तें नांव बरोबर लाविलें, व ईमन डफी यांनीं २००१ सालीं मोरबाथवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याचा पुरा अर्थ उलगडला. मोडी वाचणारांस निराळें सांगावयास नको कीं एका अक्षराच्या वळणानें गांव बदलतें आणि गांव बदललें कीं इतिहास बदलतो. छापील प्रत हातीं आली म्हणून मूळ कागदाचें काम संपलें असें मानणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

यावर एक आक्षेप संभवतो. बंडवाले गांवोगांव माणसें व पैसा मागत. तेव्हां मोरबाथनें माणसें धाडलीं तीं धाकानें नसतील कशावरून? धाक नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. पण धाकानें दिलेली रक्कम आणि तीहि राजद्रोहाची, ती कोणी देवळाच्या हिशेबांत नांवनिशीवार लिहून सर्वांसमोर वाचील हें संभवनीय दिसत नाहीं. तशी रक्कम दुसऱ्या सदराखालीं लपविणें ट्रिकीस कठीण नव्हतें. आमचें मत असें कीं गांवाच्या दृष्टीनें हें गांवचें काम होतें. छपराच्या दुरुस्तीस जसे माणूस व पैसा दिला तसेच येथें दिले. हे पांचहि तरुण ज्या घरांतले, त्यांच्याच कुरणांत एके काळीं संतांच्या मेंढ्या चरत होत्या.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. राजाच्या वतीनें लॉर्ड रसेल होनिटनपाशीं तळ देऊन होता. त्याच्या मदतीस इटालियन बंदूकवाले व जर्मन भाडोत्री शिपाई आले. फेनी ब्रिजेसची चकमक झाली. ५ ऑगस्टला क्लिस्ट सेंट मेरी गांव जाळून घेतलें गेलें. त्या रात्रीं हातीं आलेले बंदी, ज्यांची संख्या परंपरेनें ९०० सांगतात, बांधलेल्या स्थितींत कापून काढण्यांत आले. ६ ऑगस्टला एक्सेटरचा वेढा उठला. जेथें आरंभ झाला त्या सॅम्पफर्ड कोर्टनेपाशींच त्या महिन्याच्या मध्यास शेवटची लढाई झाली. शहर जाळूं न देणारा रॉबर्ट वेल्श यास त्याच्याच देवळाच्या मनोऱ्यावर, उपासनेच्या वस्त्रांसकट, गळ्यांत जपमाळ व शेजारीं घंटा बांधून, सांखळ्यांनीं लटकावलें. अरंडेल यास पुढील जानेवारींत लंडनला टायबर्न येथें देहांत शिक्षा झाली. बंडाची हांक घंटा वाजवून दिली गेली म्हणून या दोन्ही परगण्यांतील देवळांच्या घंटा काढण्याचाहि हुकूम निघाला.

या साऱ्या काळांत धर्मप्रांताचा मुख्य कोठें होता? बिशप जॉन व्हेसी १५१९ पासून गादीवर होता, पण त्याचें वास्तव्य बहुधा दूर वॉरिकशायरमधील सटन कोल्डफील्ड या आपल्या जन्मगांवीं असे. १५५१ त त्यास दूर करून माइल्स कव्हरडेल यास बिशप केलें. हा बायबलचा थोर भाषांतरकार. परंतु एक्सेटरच्या लोकांनीं त्यास प्रथम पाहिलें तें रसेलच्या फौजेबरोबरचा उपदेशक म्हणून. त्याची विद्वत्ता कितीहि मोठी असो, या प्रांतांत लोकांचें मन त्याच्याकडे वळलें नाहीं यांत नवल तें काय?

मोरबाथच्या देवळाची स्थिति तीन-चार वर्षें अत्यंत हलाखीची होती. हिशेब लहान होत गेले. सांगण्यासारखें जमेकडे कांहीं उरलें नाहीं. १५५३ त मेरी गादीवर आली, जुना धर्म परतला, वृद्ध व्हेसीहि गादीवर परत आला व पुढल्या वर्षीं वारला. मग ट्रिकीनें वहींत मागें वळून एक समालोचन लिहिलें आहे, तें आमच्या मतें या सबंध वहींतील अत्यंत मोलाचें पान. लूसी सीलीच्या वर्षापासून देऊळ कसकसें खालावत गेलें आणि मेरीच्या आगमनानें त्यास पुन्हा कसा धीर आला, हें तो वर्षवारीनें व कारभाऱ्यांच्या नांवांनिशीं सांगतो. त्यानंतर घरोघर दडलेल्या वस्तु परत येऊं लागल्या: कोणाकडून मोडक्या मूर्तीचे तुकडे, कोणाकडून चित्रित वस्त्र, कोणाकडून पुस्तक. आणणाराचें नांव ट्रिकी लिहून घेतो व खऱ्या ख्रिस्ती माणसांसारखें हे वागले असें म्हणतो. परंतु एक गोष्ट परत आली नाहीं. संतांचीं निरनिराळीं भांडारें, तरुणांचे व कुमारिकांचे दिवे, घरोघर वांटलेल्या मेंढ्या हें पूर्वींच्या रूपांत कधींच परतलें नाहीं. मूर्ति गवतांत लपवितां येते. पाळी लपवितां येत नाहीं.

मेरी १५५८ त वारली. १५५९ त एलिझाबेथच्या कायद्यानें इंग्रजी प्रार्थनाग्रंथ पुन्हा आला आणि ट्रिकीनें तो पुन्हा हातीं घेतला. या गोष्टीवरून त्याला वाऱ्याप्रमाणें पाठ फिरविणारा म्हणणें सोपें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्या वयाच्या, त्याच्या शिक्षणाच्या धर्मगुरूस मोरबाथ सोडून जावयास दुसरें ठिकाण कोणतें? आणि त्याचे मृत तर याच देवळाच्या आवारांत होते. ज्यांच्यासाठीं प्रार्थना करण्यास वीस वर्षें पै-पै सांठवून काळीं वस्त्रें घेतलीं, त्यांचीं नांवें आतां मोठ्यानें घेतां येत नव्हतीं. तरी त्यांच्याच मुलांची लग्नें लावणें, नातवांचे बाप्तिस्मे करणें, आणि दरसाल गांवापुढें हिशेब वाचणें हीं कामें उरलीं होतीं. तीं त्यानें आणखी पंधरा वर्षें केलीं. त्याच्या हातचे हिशेब १५७३ पर्यंत येतात. १५७४ त तो वारला व आपल्याच देवळांत, वेदीजवळ, त्यास पुरण्यांत आलें.